चालढकल मोडायची कशी: ऑफिस, क्लिनिक आणि कारखाना चालवणाऱ्या सोलापूरकरांसाठी

मासिक जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याची २बी, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट दाखवणारी यादी, दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तयार होते आणि ३बी, म्हणजे महिन्याचा कर भरायचं विवरणपत्र, भरायची मुदत २० तारखेला संपते. खरेदीच्या बिलांचा मेळ घालायला हातात राहतात ते मधले सहा दिवस. जानेवारीत तर नेमका याच सुमाराला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, असतो. १३-१४ तारखेच्या आसपास तैलाभिषेक आणि अक्षता सोहळा, पाठोपाठ होम आणि शोभेचं दारूकाम. ऑफिसातली निम्मी मुलं नंदीध्वजांच्या मिरवणुकीत, उरलेली घरच्या पाहुण्यांत. तरीही २० तारखेच्या रात्री पोर्टलशी झगडणाऱ्या कर सल्लागाराचा महिना नीट तपासला, तर सहा दिवस कमी पडले असं क्वचितच निघतं. निघतं ते हे की १४, १५ आणि १६ तारखेला त्या फाईलला कुणी हातच लावला नव्हता.

वकिलाच्या टेबलावरचा युक्तिवादाचा मसुदा, डॉक्टरांच्या खणातले विमा कंपनीचे फॉर्म, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात परदेशी खरेदीदाराला द्यायचं दरपत्रक, सगळ्यांची गत हीच. ही माणसं आळशी नाहीत. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत राबतात. मात्र राबतात ती समोर आलेल्या कामांवर. अवघड काम तसंच पडून राहतं.

चालढकल ही मुळात वेळेची अडचण नसते, हे आधी पक्कं समजून घ्यावं. फ्युशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हे नेमकं मांडलं. एखादं काम समोर आलं की मनात अस्वस्थता येते, ती घालवायला माणूस दुसरं काहीतरी हातात घेतो, आणि घटकाभर बरं वाटतं. ते बरं वाटणं हेच चालढकलीचं खाद्य. म्हणून ‘उद्यापासून शिस्त लावतो’ हा निश्चय टिकत नाही. त्या अस्वस्थतेचं काय करायचं, हे त्यात कुठेच नसतं. खालच्या पायऱ्या ती अस्वस्थता कमी करण्यासाठी आहेत. सगळ्या एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात पहिल्या तीन, पुढच्या आठवड्यात बाकीच्या.

पायरी १: तीन दिवसांची नोंद

खिशात मावेल अशी छोटी डायरी घ्या. मोबाईलमधलं अॅप नको, कारण नोंद करायला मोबाईल उघडला की तिथेच दहा मिनिटं जातात. प्रत्येक वेळी काम तुटलं की एक ओळ लिहायची: किती वाजता, काय चालू होतं, कशाने तुटलं, परत कधी बसलो. ‘कशाने’ साठी तीन खुणा पुरतात. फोन किंवा मेसेज आला तर ‘फो’, माणूस आला तर ‘मा’, आणि कुणी काही न करता आपणच उठलो, आपणच मोबाईल उचलला, आपणच दुसरी फाईल ओढली तर ‘मी’.

तीन दिवस सलग आणि नेहमीच्या कामाचे असावेत, त्यात एक सोमवार हवा. १०-११ किंवा १९-२० तारीख नको, कारण मुदतीच्या दिवशी सगळेच एकाग्र असतात आणि चित्र खोटं दिसतं. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे रात्री आठवून नोंद करणं. रात्री ‘फो’ आणि ‘मा’ आठवतात, ‘मी’ आठवत नाही. आणि खरी गोम तिथेच असते. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क यांनी ऑफिसात काम करणाऱ्यांच्या शेजारी बसून नोंदी घेतल्या, तेव्हा जवळपास निम्मे व्यत्यय माणसांनी स्वतःच आणलेले निघाले. तुटलेल्या कामाकडे परत यायला सरासरी २३ मिनिटांच्या वर लागत होती, आणि मधल्या वेळात माणूस दोनेक वेगळ्या कामांत गुंतलेला असे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खुणा मोजा. ‘मा’ जास्त असतील तर पायरी ६ आधी करा, ‘फो’ जास्त असतील तर पायरी ५. ‘मी’ जास्त असतील, आणि बहुतेकांचे असतात, तर पुढची पायरी घाईने उरकू नका.

पायरी २: टळलेल्या कामांची यादी, आणि प्रत्येकापुढे कारण

एका कोऱ्या कागदावर तुम्ही दोन आठवड्यांहून जास्त टाळलेली कामं लिहा. सात-आठ निघतील. यादी करताना पोटात गोळा येतो, ते साहजिक आहे. तरी पूर्ण लिहा. मग प्रत्येकापुढे ते का टळतंय हे एका शब्दात लिहा. ‘वेळ नाही’ हे कारण चालणार नाही, कारण त्याच दोन आठवड्यांत इतर शंभर कामं झाली आहेत. खरी कारणं पाच-सहाच असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. बहुतेक जण इथेच चुकतात, सगळ्या कामांना एकच औषध देतात.

*अंधूक.* काम म्हणजे नेमकं काय करायचं हेच ठरलेलं नाही. ‘जोशींची नोटीस बघणे’ हे काम नव्हे. जीएसटीची छाननी नोटीस आली की उत्तराला जास्तीत जास्त ३० दिवसांची मुदत मिळते, आणि त्यातले पहिले वीस ‘बघायची आहे’ यात जातात. अशा कामाला हात घालायचा तो प्रश्न लिहून. नोटीस छापून घ्या आणि कोऱ्या कागदावर तीनच ओळी लिहा: कोणता काळ, कोणत्या दोन आकड्यांतला फरक, फरक किती रुपयांचा. दहा मिनिटांचं काम आहे. या तीन ओळी लिहून झाल्या की बहुतेक नोटिशींची भीती निम्मी होते, कारण आकडा डोळ्यांसमोर येतो. एखादी विक्री ३बीत दाखवायची राहिली आहे, की एकच बिल दोन महिन्यांत धरलंय, याचा अंदाज तिथेच यायला लागतो.

*नकोसं.* करायचं काय हे स्वच्छ माहीत आहे, पण करताना कुणाशी तरी वाईट बोलावं लागणार. थकलेली फी मागणं, कामगाराला कामावरून कमी करणं, रुग्णाच्या नातेवाइकाला अप्रिय बातमी सांगणं. इथे कामाचे तुकडे पाडून उपयोग नाही, फोन अर्धा करता येत नाही. इथे पहिली दोन वाक्यं लिहून काढायची आणि वाचूनच बोलायचं. फीचं उदाहरण घ्या: ‘अण्णा, नमस्कार. मार्चपासूनच्या कामाची फी अठरा हजार बाकी आहे, या शनिवारपर्यंत निम्मी तरी पाठवता का?’ यात रक्कम आहे, वार आहे, आणि होकार-नकार देता येईल असा प्रश्न आहे. ‘जरा हिशोबाचं बघा की’ असं म्हटलं तर समोरचाही ‘बघू की’ म्हणतो, आणि तोच फोन पुढच्या महिन्यात पुन्हा करावा लागतो. असे फोन दिवसाच्या पहिल्या तासात करा. ठेवून दिला तर तो दिवसभर डोक्यात वाजत राहतो.

*डोंगराएवढं.* वर्षाचं ऑडिट, नव्या मशीनचा प्रकल्प अहवाल. याचे तुकडे पाडायचे, पण तुकडा ‘पहिला भाग’ असा नको. मोजता येईल असा हवा: खरेदी खात्यातले पहिले वीस पुरवठादार, किंवा अहवालातलं फक्त वीज आणि मजुरीचं पान.

*कंटाळवाणं.* विम्याचे फॉर्म, जुन्या फायली लावणं. ही कामं एकेकटी करायची नाहीत. आठवड्यातून एकदा ४० मिनिटं, सगळी एकत्र, समोर सहकारी असेल तर उत्तम. दोघं एका टेबलावर आपापलं कंटाळवाणं काम घेऊन बसले की उठायला संकोच वाटतो, आणि काम होतं.

*अडकलेलं.* हे तुमच्याकडून टळतच नाहीये. गिऱ्हाइकाने बिलं दिलेली नाहीत किंवा रंगाईवाल्याने दर कळवलेला नाही. अशी कामं यादीतून काढून वेगळ्या पानावर लिहा, पुढे माणसाचं नाव आणि पुन्हा विचारण्याची तारीख. एरवी ही कामं ‘आपल्याकडून होत नाही’ या ओझ्यात विनाकारण भर घालतात.

सहावं कारणही असतं: ते काम करायचंच नाही. कुणाच्या भिडेने तीन वर्षांपूर्वी घेतलेलं मानद खजिनदारपद. त्याला उपाय पत्र लिहून मोकळं होण्याचा.

पायरी ३: पहिली हालचाल आणि तिची जागा

यादीतलं एकच काम निवडा. त्याची पहिली हालचाल अशी लिहा की ऑफिसातल्या नव्या मुलालाही वाचून करता येईल. ‘मेळ घालणे’ असं लिहिलं तर तो विचारत येईल. ‘पोर्टलवरून २बी उतरवून तिची एक्सेल खरेदी रजिस्टरच्या शेजारी उघडणे’ असं लिहिलं तर करून मोकळा होईल. दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर अजून लहान करा.

आता त्या हालचालीला रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीशी बांधा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये मांडलेलं सूत्र साधं आहे: ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं आधी ठरवलं, की नुसत्या इच्छेपेक्षा काम होण्याची शक्यता बरीच वाढते. वाक्य असं हवं: ‘ऑफिसात येऊन देवाला उदबत्ती लावली की खुर्चीत बसून २बी उघडीन.’ ‘साडेनऊला करीन’ हे त्याहून कच्चं. साडेनऊला तुम्ही सात रस्त्याच्या सिग्नलला असू शकता, उदबत्ती मात्र तुम्ही पोहोचल्यावरच लागते.

इथे हमखास बिघडतं ते असं: माणूस पहिल्याच दिवशी पाच वाक्यं करतो. एक करा. सात कामाचे दिवस टिकलं की दुसरं. आणि फाईल आदल्या संध्याकाळी टेबलावर काढून ठेवा. सकाळी कपाटात शोधायला गेलात की वाटेत दुसरी फाईल भेटते.

पायरी ४: दिवसातली सुरक्षित पट्टी

अवघड कामाला रोज सलग दोन तास मिळाले तर महिन्याचं चित्र बदलतं. चार तास ठरवणारे आठवड्यात थकतात, म्हणून दोनच. सोलापुरात ही पट्टी सकाळची असावी, साडेसात ते साडेनऊ किंवा आठ ते दहा. बाजार साडेदहा-अकराच्या पुढे हलायला लागतो, तोवर फोन कमी असतात. शिवाय मार्च ते मे दुपारी पारा चाळिशीपार जातो. दोन वाजता पत्र्याखालच्या ऑफिसात किंवा कारखान्याच्या केबिनमध्ये बसून दरपत्रकाचं गणित करू म्हटलं तर तीनदा चुकतं आणि ते उद्यावर जातं. दुपारचा वेळ सह्या, फायलिंग, बँक अशा डोकं न लागणाऱ्या कामांना द्या.

पट्टीची मांडणी: ५० मिनिटं काम, १० मिनिटं विश्रांती, पुन्हा ५० मिनिटं. उरलेली १० मिनिटं पुढच्या दिवसाची पहिली हालचाल लिहायला आणि फाईल काढून ठेवायला. ज्यांना सवय मोडली आहे त्यांनी २५ मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवावीत. वेळ मोबाईलवर लावू नका, शंभर-दीडशे रुपयांचं टेबलावरचं गजराचं घड्याळ पुरतं. मधल्या दहा मिनिटांत पाणी प्या, गच्चीत किंवा जिन्यात फेरी मारा. चहाला टपरीवर जाऊ नका. टपरीवरचा चहा पाच मिनिटांचा असतो, तिथे भेटलेला माणूस अर्ध्या तासाचा.

एक गोष्ट बाहेरच्या कुठल्याच सल्ल्यात सापडणार नाही: पाण्याचा दिवस. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या सकाळी येतं ती सकाळ भरण्यात, मोटारीत आणि टाकीत जाते. तरीही आपण त्या दिवशी पट्टी ठरवतो, ती मोडते, आणि मग ‘आपल्याच्याने काही होत नाही’ असं वाटू लागतं. महिन्याच्या कॅलेंडरवर पाण्याच्या अंदाजे तारखांना निळी खूण करा आणि त्या दिवशीची पट्टी आधीच संध्याकाळी सहा ते आठ टाका. वेळापत्रक पुढेमागे झालं तर खूण सरकवा. जानेवारीत गड्ड्याचे चार दिवस असेच मोकळे सोडा आणि २बी यायच्या आधी होणारी कामं, म्हणजे विक्रीची नोंद, बँक खात्याचा मेळ, जुन्या बिलांची चौकशी, १० तारखेच्या आत उरका.

पायरी ५: फोन

२०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काहींचा फोन टेबलावर, काहींचा खिशात किंवा पिशवीत, काहींचा दुसऱ्या खोलीत. सगळे सायलेंटवर. तरीही दुसऱ्या खोलीत फोन ठेवणाऱ्यांनी डोकं लागणाऱ्या चाचण्या टेबलावर फोन असलेल्यांपेक्षा चांगल्या सोडवल्या. तेव्हा पालथा घालून ठेवलेला फोन हा बंदोबस्त नव्हे. पट्टीच्या दोन तासांत तो बाहेरच्या टेबलावर सहकाऱ्याकडे किंवा दुसऱ्या खोलीतल्या खणात ठेवा.

‘घरून तातडीचा फोन आला तर?’ ही भीती रास्त आहे. ती तशीच राहिली तर तुम्ही चौथ्या दिवशी फोन परत टेबलावर आणाल. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ शोधा. कॉलच्या पर्यायात फक्त तारांकित संपर्क निवडा आणि घरचे तीन-चार क्रमांक, डॉक्टर असाल तर रुग्णालयाचा वॉर्ड, हे तारांकित करा. त्याखालीच पुन्हा कॉल करणाऱ्यांना परवानगी देणारा पर्याय असतो, तो चालू ठेवा. त्याने एकाच माणसाने १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर घंटा वाजते. आयफोनवर हीच सोय तीन मिनिटांच्या आत आलेल्या दुसऱ्या कॉलला आहे. घरी सांगून ठेवा: खरंच तातडीचं असेल तर लगेच दुसऱ्यांदा लावा. आवाज बाहेरून ऐकू येईल एवढा मोठा ठेवा.

व्हॉट्सअॅपचा त्रास वेगळा. तिथे गिऱ्हाईक, नातेवाईक, सोसायटी आणि शाळेचा ग्रुप एकाच रांगेत उभे असतात. कामासाठी वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस टाका. पैसे लागत नाहीत. त्यात दूर असतानाचा आपोआप जाणारा मेसेज वेळ ठरवून लावता येतो. मजकूर रोखठोक असावा: ‘नमस्कार. सकाळी १० पर्यंत मी कामात असतो. ११ नंतर उत्तर देईन. कागद पाठवायचे असतील तर आत्ताच पाठवून ठेवा. तातडीचं असेल तर ऑफिसच्या क्रमांकावर बोला.’ वारंवार द्यायची उत्तरं, जसं लागणाऱ्या कागदांची यादी, बँक खात्याचा तपशील, ऑफिसचा पत्ता, ही ‘क्विक रिप्लाय’ मध्ये साठवा. मेसेजच्या जागी तिरपी रेघ टाइप केली की यादी पुढे येते. बाकी ग्रुप कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. मेसेज दिवसातून तीनदा बघायचे: १०, दीड आणि साडेसहा.

पहिले दोन आठवडे काही गिऱ्हाइकं कुरकुर करतील. ११ म्हटलं की ११ ला उत्तर गेलंच पाहिजे. एवढं पाळलंत तर कुरकुर थांबते, कारण लोकांना लगेच उत्तरापेक्षा नक्की उत्तर हवं असतं. दोनदा चुकलात तर मात्र ते पुन्हा सकाळी सातला फोन करतील, आणि त्यांची चूक नसेल.

पायरी ६: दारात आलेला माणूस

आपल्या शहरात वेळ घेऊन भेटायला येण्याची पद्धत कमी. ‘साहेब आहेत का?’ म्हणत माणूस आत आलेलाच असतो, आणि त्याला परत पाठवणं उद्धटपणा वाटतो. म्हणून नकार देण्यापेक्षा पर्याय तयार ठेवा. बाहेर भेटीच्या वेळेची पाटी लावा, सकाळी ११ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ७. पूर्व भागातली गिऱ्हाइकं असतील तर तेलुगूतही लिहा, कन्नड बोलणारी असतील तर कन्नडमध्येही. बाहेर बसणाऱ्या सहकाऱ्याकडे चिठ्ठ्यांचं पॅड द्या: नाव, फोन, काम एका ओळीत, कधीपर्यंत हवं. ‘साहेब बिझी आहेत’ एवढंच त्याने म्हणू नये. त्याने म्हणावं: ‘काका, बसा, पाणी घ्या. काम लिहून घेतो, अकराला साहेब स्वतः फोन करतील.’ निम्म्याहून जास्त माणसांना चलनाची प्रत, एखादी तारीख, एखादी सही एवढंच हवं असतं, आणि ते बाहेरच मिळतं.

वडीलधारी माणसं तरीही आत येतील. त्यांना अडवू नका. उठून उभे राहा, दोन पावलं पुढे जाऊन बोला आणि बोलत बोलत दारापर्यंत सोबत जा. उभ्याने झालेलं बोलणं दोन-तीन मिनिटांत संपतं. समोरच्या खुर्चीत बसले की चहा सांगावा लागतो.

स्वतःच्या ऑफिसातल्यांचे प्रश्न ही निराळीच गोष्ट. दर दहा मिनिटांनी ‘सर, हे कसं करू?’ येत असेल तर दोष बहुधा अर्धवट दिलेल्या सूचनेचा असतो. काम देताना तीन गोष्टी सांगा: झालेलं काम कसं दिसेल, कुठे अडलास तर काय करायचं, आणि मला कधी दाखवायचं. शंका एका वहीत लिहून साडेबारा आणि पाच वाजता एकत्र विचारायची पद्धत लावा. कारखान्यात मशीन बंद पडलं, माणसाला लागलं, किंवा ट्रक दारात उभा आहे, या तिन्हींसाठी केव्हाही यावं, हेही स्पष्ट सांगा.

आणि एवढं करूनही काम तुटेल. तेव्हा काय करायचं हे यंत्रमागावर उभ्या माणसाकडे बघून शिकावं. चादर विणताना ताण्याचा एखादा धागा तुटतो, माग थांबतो. कामगार तुटलेलं टोक शोधतो, गाठ मारतो, पण लगेच दांडा ओढत नाही. थांबलेल्या वेळात ताण बदललेला असतो. तसाच माग सुरू केला तर पहिले काही धागे दाट किंवा विरळ बसतात आणि कापडावर आडवी पट्टी उमटते. म्हणून तो विणलेल्या कापडाची कड आधी जागेवर आणतो, बोटाने चाचपून बघतो, मग सुरू करतो. डोक्याच्या कामातही अशीच पट्टी उमटते. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाचं लक्ष काही अंशी मागच्याच कामात अडकून राहतं, आणि पुढचं काम बिघडतं. उठण्याआधी ‘परत आल्यावर इथून पुढे काय’ हे लिहून ठेवलं तर हा गुंता कमी होतो, हेही त्यांच्या पुढच्या कामात दिसलं.

म्हणून टेबलावर पेन्सिल आणि चिकट चिठ्ठ्यांचं पॅड कायम ठेवा. कुणी हाक मारली की मान वर करण्याआधी अर्धी ओळ लिहा: ‘ओळ ४७, वाहतुकीचं बिल, १८ टक्के की ५ बघणे.’ पाच सेकंदं लागतात. समोरच्याला ‘एक मिनिट हं’ म्हणा, कुणी रागावत नाही. परत आल्यावर आधी ती चिठ्ठी वाचा, त्याच्या वरच्या दोन ओळी पुन्हा तपासा, मग पुढे जा. या एका सवयीने जो वेळ वाचतो तो दुसऱ्या कुठल्याच युक्तीने वाचत नाही. बाकी सगळं सोडलंत तरी चालेल, एवढं करा.

पायरी ७: मुदत पुढे आणणं

चालढकलीची किंमत रुपयांत मांडली की ती डोळ्यांना दिसते. ३बी १२ दिवस उशिरा गेली आणि रोखीने भरायचा कर २,४०,००० रुपये असेल, तर १८ टक्क्यांनी व्याज सुमारे १,४२० रुपये, आणि दिवसाला ५० रुपयांप्रमाणे विलंब शुल्क ६००. दोन हजारांचा फटका, एका गिऱ्हाइकाचा, एका महिन्याचा. टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापून ७ तारखेपर्यंत भरला नाही तर महिन्याला, आणि महिन्याचा भाग असेल तरी, दीड टक्का व्याज. टीडीएसचं विवरणपत्र चुकलं तर दिवसाला २०० रुपये. जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या बिलांच्या विवरणपत्राची, ११ तारीख हुकली तर दंडापेक्षा मोठी गोष्ट घडते: तुमच्या गिऱ्हाइकाची बिलं त्याच्या खरेदीदाराच्या त्या महिन्याच्या २बीत येत नाहीत, खरेदीदाराला कराची वजावट मिळत नाही, आणि तो पेमेंट थांबवतो. चादरीच्या व्यापाऱ्याचे लाखभर रुपये अडकतात ते असे.

तरीही ‘मी १७ तारखेलाच संपवणार’ असं मनाशी ठरवून उपयोग होत नाही, कारण खरी तारीख २० आहे हे मनाला माहीत असतं. ही तारीख दुसऱ्या माणसाला सांगून खरी करावी लागते. गिऱ्हाइकाला १ तारखेला मेसेज: ‘मालक, ८ तारखेपर्यंत विक्री-खरेदीची बिलं द्या, १७ ला दुपारी भरायची रक्कम कळवतो.’ आता १७ ला तो रकमेची वाट बघतो. त्यालाही तीन दिवस मिळतात, पैशांची जुळवाजुळव करायला. कागद न देणाऱ्यांना ५ तारखेला ऑफिसातून फोन, ८ ला शेवटचा मेसेज. ज्यांचे कागद आले त्यांची कामं आधी. उशिरा येणाऱ्याची वाट बघत वेळेवर देणाऱ्याला खोळंबून ठेवणं हा अन्याय आहे, आणि ऑफिसाऑफिसात तो चालतो.

वकिलांनी आणि कारखानदारांनी हीच रीत लावावी. मसुदा अमुक दिवशी ज्युनिअरला वाचायला देतो असं त्याला सांगा. खरेदीदाराला ‘लवकरच पाठवतो’ च्या जागी ‘गुरुवारी भारतीय वेळेनुसार चारपर्यंत’ असं कळवा.

पायरी ८: शनिवारची तीस मिनिटं, आणि मोडल्यावर

शनिवारी ऑफिस बंद करण्याआधी अर्धा तास तीनच गोष्टी बघा. टळलेल्या यादीतलं काय हललं. अडकलेल्या पानावरच्या कुणाला सोमवारी विचारायचं. पुढच्या आठवड्यात पाण्याचे दिवस, कोर्टाच्या तारखा, लग्नं कधी आहेत आणि पट्टी कुठे बसते. नवी रंगीत वेळापत्रकं बनवत बसू नका, तीसुद्धा चालढकलच असते, फक्त कामासारखी दिसते.

झोप कमी पडत असेल तर वरचं काहीच नीट चालणार नाही. सहा तासांच्या खाली दिवसेंदिवस काढणाऱ्याने आधी ते सुधारावं. आणि लहानपणापासूनच कुठल्याही कामात लक्ष टिकत नसेल, वस्तू-वेळा सतत विसरत असतील, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहून आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर ती सवयीची बाब नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येतं.

पद्धत मोडेल, हे धरून चाला. घरातलं लग्न, आजारपण, सलग दोन आठवड्यांची धावपळ, आणि एके सकाळी लक्षात येतं की पट्टी नाही, चिठ्ठी नाही, फोन परत टेबलावर आहे. अशा वेळी साचलेलं सगळं भरून काढायला बसू नका, तो डोंगर बघूनच माणूस पुन्हा मोबाईल उचलतो. जुनी यादी फाडा, नवी करा. जी कामं अजून खरंच बाकी आहेत ती आपोआप पुन्हा लिहिली जातील, बाकीची सुटली म्हणायची. त्यातलं एक निवडा, पहिली हालचाल लिहा, फाईल टेबलावर काढून ठेवा आणि २५ मिनिटांवर घड्याळ लावून परत सुरू करा.